रवाळ धुकं: किल्ल्याच्या आठ प्रिंट्स, एका हिवाळ्याच्या नोंदी

१७ नोव्हेंबर

भाऊकाकांनी आज ती प्रिंट मला देऊनच टाकली. आठ बाय दहा इंच, कडा पिवळ्या पडलेल्या, मागे पेन्सिलीनं एवढंच लिहिलेलं: किल्ला, जाने. ७८. धुक्यातला ग्वाल्हेरचा किल्ला. खरं म्हणजे किल्ला असा दिसतच नाही. किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाचे दोन घुमटी बुरूज, त्यांच्या खालून गेलेली तटाची करडी रेघ, बाकी सगळं धुकं. आणि ते धुकं रवाळ आहे, बोट फिरवलं तर चरचरेल असं. लहानपणापासून त्यांच्या बैठकीत ती बघत आले. दर वेळी भिंतीला नाक टेकवून बघायचे, कारण जवळ गेलं की बुरूज विरून जातात, नुसते ठिपके उरतात. चार पावलं मागं सरकलं की बुरूज पुन्हा उभे.

या हिवाळ्यात हेच करायचं ठरवलं आहे. धुक्यातल्या किल्ल्याच्या आठ प्रिंट्स. ३५ मिमी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, रोल घरी धुवायचे, प्रिंट्स घरी काढायच्या आणि प्रत्येकीत असा दाणा आणायचा. आम्ही आता ग्रेन म्हणतो, भाऊकाका दाणा म्हणतात. तो नेमका कशानं येतो हे माझं मला कळावं म्हणून या नोंदी.

सामान: पेंटॅक्स के१०००, ५० आणि २८ मिमीच्या दोन लेन्स (आकडा लहान तितकं दृश्य रुंद), एचपी५ प्लस फिल्मचे दहा रोल, फिल्म धुवायचा दोन रोल मावणारा टँक, आणि निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडायला भाऊकाकांचा कंडेन्सर एन्लार्जर. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये त्यांनी तीस वर्षं काढली. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांनी एन्लार्जर त्यांनाच दिला. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते अंधारात काम करत नाहीत. "तू आत कर, मी बाहेर बसून विचारत राहीन," म्हणाले. निंबाळकरांच्या गोठीतल्या आमच्या घराची मागची अडगळीची खोली रिकामी केली. खिडकीला काळं कापड, त्यावर घोंगडी. दुपारी आत दहा मिनिटं बसून बघितलं, दाराच्या फटीतून एक रेघ येते. तिथं जुनी साडी कोंबली.

२३ नोव्हेंबर

फिल्मवरचं चित्र उमटवणारं द्रावण, म्हणजे डेव्हलपर, घरीच बनवला. डी-७६, कोडॅकचा १९२० च्या दशकातला फॉर्म्युला. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाणी पन्नास अंशांच्या आसपास. चिमूटभर सल्फाइट आधी, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट. सगळं सल्फाइट आधी टाकलं तर मेटॉल विरघळायला तयार होत नाही. शाळेत रसायन शिकवते म्हणून वजनकाट्याचं काही अडलं नाही.

या यादीत माझ्या कामाचं द्रव्य सल्फाइट आहे. ते डेव्हलपरला हवेपासून सांभाळतं, पण इतकं भरपूर असलं की फिल्मवरच्या, उजेड टिपणाऱ्या सिल्व्हर हॅलाइडच्या स्फटिकांच्या कडाही थोड्या विरघळवतं. म्हणून डी-७६ नुसता वापरला की दाणा मऊ आणि बारीक येतो. एकास तीन पाणी घातलं की लिटरला २५ ग्रॅमच सल्फाइट उरतं, कडा शाबूत राहतात. मला शाबूत कडा हव्या आहेत. दुसरी बाटली रोडिनालची आणली. १८९१ पासून चालत आलेला डेव्हलपर, दाणा विरघळवण्याची भानगडच नाही. दोन्ही करून बघायचे.

फिल्म एचपी५ च का? टी-मॅक्स १०० सारख्या फिल्मचे स्फटिक चपटे, पापुद्र्यासारखे असतात, दाणा फार बारीक. कोडॅक दाण्याला एक आकडा देतं: टी-मॅक्स १०० ला ८, ट्राय-एक्स ४०० ला १७. एचपी५ ट्राय-एक्सच्याच चालीची, जुन्या पद्धतीच्या जाड स्फटिकांची.

२६ नोव्हेंबर

आईनं लोणी कढवलं. मी पातेलं ओट्यावरून उचलून फ्रिजकडे निघाले तर ओरडली, "अगं, गरम गरम फ्रिजमध्ये ठेवू नकोस, रवा धरत नाही! राहू दे तसंच रात्रभर." सकाळी झाकण काढलं. वर पातळ पिवळं, खाली दाणेदार, चमचा घातला की खसखशीसारखं सुटणारं तूप.

हे मी मुलांना स्फटिकीभवनाच्या धड्यात सांगते आणि फिल्मशी त्याचा संबंध कधी लावला नव्हता. इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा उजेड टिपणारा थर, बनवताना जिलेटिनच्या गरम द्रावात सिल्व्हर नायट्रेट आणि ब्रोमाइड एकत्र येतात, आणि मग ते मिश्रण ऊबेत मुरवतात. मुरताना बारीक स्फटिक विरघळतात आणि त्यांचा माल मोठ्यांवर चढतो. जितकं मुरवाल तितका रवा मोठा. मोठ्या स्फटिकावर उजेड पडण्याची शक्यता जास्त, आणि एकाच ठिकाणी चांदीचे चारेक अणू जमले की डेव्हलपर तो अख्खा स्फटिक काळा करतो. म्हणून वेगवान फिल्म रवाळ आणि मंद फिल्म गुळगुळीत.

मात्र प्रिंटमध्ये आपल्याला दिसतो तो एकेक स्फटिक नसतो. स्फटिक मायक्रोमीटरच्या आसपासचा. इमल्शनच्या जाडीत ते एकावर एक पडलेले असतात, कुठे दाट, कुठे विरळ. डोळ्याला दिसतात ते त्यांचे पुंजके.

११ डिसेंबर

पहिला रोल फुकट गेला. गच्चीवरून आणि महाराज बाड्याच्या चौकात काढलेला चाचणीचा रोल होता, त्यामुळे जीव फार हळहळला नाही, पण कारण लिहून ठेवते.

डी-७६ एकास तीन, २० अंशांना २० मिनिटं. डेव्हलपर बरोबर २० अंशांवर आणला, ओतला, टँक फरशीवर ठेवून दर मिनिटाला उलटासुलटा केला. रात्रीचे साडेदहा. निगेटिव्ह बाहेर काढली तर भुतासारखी. आकाश फिकं, सावल्या जवळजवळ कोऱ्या. ओतून दिलेला डेव्हलपर मोजला तेव्हा १४ अंश. ग्वाल्हेरची डिसेंबरातली दगडी फरशी वीस मिनिटांत सहा अंश पिऊन गेली.

दाराबाहेरून भाऊकाका म्हणाले, "हायड्रोक्विनोन थंडीत झोपतं. तेरा-चौदाच्या खाली तर हलतच नाही. मेटॉल बिचारं एकटं किती ओढणार?" त्यांच्या स्टुडिओत जानेवारीत टाकीखाली शेगडी असायची आणि मे महिन्यात टाकीभोवती बर्फ.

आता व्यवस्था अशी: मोठी परात, तिच्यात २१ अंशांचं पाणी, टँक परातीत, थर्मामीटर कडेला, शेजारी किटली. सुरुवात, मध्य आणि शेवट असं तीनदा तापमान लिहायचं.

त्या फिकट निगेटिव्हची एक प्रिंट ग्रेड पाचच्या, म्हणजे सगळ्यात जास्त कॉन्ट्रास्टच्या, फिल्टरवर काढून पाहिली. दाणा आला, पण घाणेरडा. सावल्यांत चिखल आणि आकाशात डाग. निगेटिव्हमध्ये चांदीच नाही तर दाणा कुठून आणणार?

१३ डिसेंबर

कुठेसं वाचलं होतं की गरम पाण्यातून फिल्म एकदम थंड पाण्यात टाकली की जिलेटिन सुरकुततं आणि दाण्यासारखी नक्षी येते. फुकट गेलेल्या रोलचा तुकडा ४५ अंशांतून थेट बर्फाच्या पाण्यात घातला. काही झालं नाही. हल्लीच्या फिल्मचं जिलेटिन चांगलंच कडक केलेलं असतं. भाऊकाकांच्या काळात मे महिन्यात व्हायचं हे: "लग्नाचा आख्खा रोल आटलेल्या तळ्यासारखा तडकला होता." तो दाणा नव्हेच, त्या भेगा. हा नाद सोडला.

२१ डिसेंबर

काल रात्री तानसेन समारोहाला हजीऱ्याला गेले. गाणं ऐकायला गेले होते, पण कॅमेरा बरोबर होता आणि डोक्यात फिल्म पुश करायचा विचार. सगळीकडे हेच सांगतात: ग्रेन हवा तर पुश करा. मूळ ४०० वेगाची एचपी५ ही १६०० समजून वापरली, म्हणजे दोन स्टॉप कमी उजेड दिला (एक स्टॉप म्हणजे निम्मा किंवा दुप्पट), आणि आज डी-७६ पाणी न घालता १४ मिनिटं धुतली. ४०० ला साडेसात मिनिटं लागतात. परातीनं काम केलं, शेवटी १९.५ अंश.

निगेटिव्ह झणझणीत. घौस महंमदच्या मकबऱ्याची जाळी, तंबोऱ्याचा भोपळा, गायकाच्या हाताचा पंजा हवेत. फोटो म्हणून तीन-चार मला फार आवडले. दाणा मात्र शोधावा लागला. काळं एकदम काळं, त्यात काही नाही. उजेडातले चेहरे पांढरेफटक, त्यातही काही नाही. फक्त एका फोटोत व्यासपीठामागच्या कापडावर अर्धवट उजेड होता, तेवढा पट्टा सुरेख रवाळ.

२३ डिसेंबर

दोन दिवस त्या पट्ट्याचाच विचार. पुश केल्यानं सावलीत नसलेला उजेड येत नाही. जे उजळ आहे तेच आणखी दाट होतं आणि कॉन्ट्रास्ट वाढतो. दाणाही वाढतो, पण तो दिसायला जागा लागते. काळ्या कागदावर काळा ठिपका कोण बघणार? दाणा दिसतो तो करड्यावर, आणि करडा सलग असेल तर. आकाश, भिंत, कापड. विटांच्या भिंतीवर तोच दाणा विटांत हरवून जातो.

मग आठवलं, कोडॅकचा तो ८ आणि १७ चा आकडासुद्धा सलग करड्यावरच मोजतात. एकसारखी काळवंडलेली फिल्म, घनता १.०, आणि ४८ मायक्रोमीटरच्या छिद्रातून तिच्यावरचे चढउतार. म्हणजे मी महिनाभर डेव्हलपरच्या बाटल्यांत जे शोधत होते ते आधी कॅमेऱ्यासमोर शोधायला हवं होतं. पुश करणं म्हणजे पी हळद आणि हो गोरी, तसं नाही हे. आधी करडा हवा.

आणि ग्वाल्हेरात जानेवारीत करड्याला तोटा नाही.

२८ डिसेंबर

भाऊकाकांकडे गेले, प्रिंट बरोबर घेऊन. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"भाऊकाका, ही फिल्म कोणती होती?"

"ऑर्वो. एनपी २७. पूर्व जर्मनीची. सत्तावीस डिन म्हणजे तुझे चारशे एएसए."

"आणि धुतली कशात?"

"टाकीत जो डेव्हलपर होता त्यात. लग्नाच्या रोलांबरोबर."

"मग हा दाणा मुद्दाम कसा आणलात?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मुद्दाम? अगं, दाणा लपवायचा मला पगार मिळायचा. गालावर दाणा दिसला की गिऱ्हाईक फोटो परत आणायचं. निगेटिव्हवर पेन्सिल चालवून चालवून बोटं दुखायची." मग उठले आणि कपाटातून बटर पेपरचं पाकीट काढलं. निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरली. मी भिंग लावलं. चौकटीत बहुतेक रिकामं धुकं, खाली विजेच्या तारा, एक सायकलवाला, आणि वर उजवीकडे मानमंदिर. आख्खं मानमंदिर तांदळाच्या दाण्याएवढं.

"माझ्याकडे पन्नासची एकच लेन्स होती. लांबची लेन्स मालकांच्या कपाटात, कुलपात. किल्ला एवढासा आला. मग तेवढाच तुकडा मोठा केला. एन्लार्जर पुरेना, तर त्याचं डोकं उलटं फिरवून उजेड जमिनीवर मारला."

घरी येऊन हिशेब मांडला. ३६ मिमी लांबीची चौकट दहा इंचांवर नेली तर सातपट. त्यातला बारा मिमीचा तुकडा दहा इंचांवर नेला तर एकवीसपट. दाणाही तितकाच मोठा होणार. म्हणजे जिथं ८५ ची लेन्स लागेल तिथं मुद्दाम २८ ची लावायची आणि प्रिंटमध्ये मधला तिसरा हिस्सा घ्यायचा. उभं राहायची जागा तीच, त्यामुळे बुरूज आणि तट यांचं एकमेकांशी नातं तसंच राहील. बदलेल तो फक्त दाणा. माझी २८ ची लेन्स दोन वर्षं पिशवीत पडून होती.

४ जानेवारी

पहिलं खरं धुकं. थंडीमुळे शाळेची वेळ पुढे गेली आहे, आज पहिला तासही नव्हता, तेवढी फुरसत मिळाली. पावणेआठला स्कूटरनं किलागेटला पोचले. समोरचा विजेचा खांब दिसेना. चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "मॅडम, कोहरे में क्या आएगा?" मी म्हटलं, "कोहरा ही आएगा." त्यानं माझ्यासाठी बाकावर जागा केली.

दोन तास काही नाही. लेन्सवर दव बसत होतं, दर पाच मिनिटांनी सुती रुमाल. साडेनऊला धुक्यात वरच्या बाजूला एक गडद पट्टा उमटला, ढग असावा तसा. मग त्याला कड आली. मग बुरुजांचे घुमट. टेकडीचा पायथा अजून नाहीच, त्यामुळे सगळा महाल अधांतरी. ही अवस्था दहा-बारा मिनिटं टिकली. पंधरा फोटो. दहा वाजून पाच मिनिटांनी ऊन आलं आणि किल्ला रोजच्यासारखा किल्ला झाला, सोनेरी दगडाचा, निळ्या टाइल्सचा.

एक्स्पोजर: कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर धुक्याला मधला करडा समजतो आणि शटर १/१२५ सेकंद, लेन्सचं छिद्र एफ ५.६ सांगतो. प्रत्येक दृश्य तसं एकदा, एक स्टॉप जास्त देऊन १/६० ला एकदा, आणि दोन स्टॉप जास्त देऊन १/३० ला एकदा.

घरी येताना कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून आणला आणि तासभर तसाच ठेवला. थंड कॅमेरा गरम स्वयंपाकघरात उघडला की आत-बाहेर पाणी धरतं.

५ जानेवारी

रोडिनाल एकास पन्नास, २० अंश, ११ मिनिटं. ५०० मिलिला दहा मिलि, काळ्या चहासारखा रंग. शेवटी १९.५ अंश.

काँटॅक्ट शीटवर, म्हणजे निगेटिव्ह कागदावर ठेवून त्याच मापात छापलेल्या पानावर, तिन्ही पायऱ्या शेजारी शेजारी दिसल्या. मीटरप्रमाणे घेतलेल्यांत धुकं निगेटिव्हवर पातळ. दोन स्टॉप जास्तवाल्यांत धुकं इतकं दाट की बुरूज त्यात बुडायला लागले. एक स्टॉप जास्त हा माझा मार्ग. धुक्याच्या जागी चांदी भरपूर जमते, पुंजके दाट होतात, आणि प्रिंट करताना त्याला जरा जास्त उजेड दिला की कागदावर तो फिका-मधला करडा येतो. दाणा सगळ्यात स्पष्ट दिसतो तो याच छटेत.

रंगीत निगेटिव्हचं याच्या उलट. तिथं जास्त उजेड दिला की दाणा कमी होतो. हे दोन गोंधळून मागच्या वर्षी माझे दोन रोल चुकले होते.

११ जानेवारी, रात्र

एन्लार्जरचं डोकं खांबावर मागं फिरवलं आणि टेबलाच्या कडेवरून खाली जमिनीवर रोखलं. ५० ची लेन्स आणि एकवीसपट, म्हणजे लेन्सपासून कागद एक मीटर दहा सेंटिमीटर. सगळा भार मागे गेला आणि एन्लार्जर आडवा व्हायला लागला. एन्लार्जरच्या बैठकीवर काहीतरी जड हवं. आईचा पाटा आणला. वरवंटाही.

सातपटीला बारा सेकंद लागत होते. एकवीसपटीला बावीसचा वर्ग भागिले आठचा वर्ग, साडेसातपट. नव्वद सेकंद. नव्वद सेकंद घर हलता कामा नये. आईला सांगितलं, वरच्या खोलीत चालू नकोस. ती म्हणाली, "श्वास घेऊ का?"

पहिली प्रिंट: मधे दाणा करकरीत, उजवीकडे पिठासारखा. जमीन सपाट नव्हती. कागदाच्या बोर्डाखाली एका बाजूला पोस्टकार्डाच्या घड्या सारल्या.

दुसरी प्रिंट: सगळीकडेच पिठासारखा. दिव्याच्या उष्णतेनं निगेटिव्ह मधेच फुगते आणि फोकस सरकतो. तेव्हापासून दिवा आधी दोन मिनिटं लावून ठेवायचा, निगेटिव्ह काय फुगायची ती फुगू द्यायची, मग भिंगानं फोकस. आणि फोकस बुरुजांवर करायचा नाही, धुक्यावर करायचा. धुक्यातला बुरूज मुळातच मऊ असतो, तो फसवतो. दाणा फसवत नाही. तो एकतर टोकदार दिसतो किंवा दिसत नाही. दाणाच धूसर असेल तर प्रिंट रवाळ म्हणवत नाही, नुसती हललेली म्हणायची.

तिसरी: सत्तराव्या सेकंदाला गल्लीतून बुलेट गेली.

चौथी, रात्री पावणेएकला. फिल्टर ग्रेड चार, एफ ८, नव्वद सेकंद. ट्रेमध्ये कागद बुडवला. दहा सेकंद काहीच नाही, मग लाल उजेडात धुकं आलं. एकदम आलं नाही. आधी विखुरलेले ठिपके, मग ठिपक्यांच्या मधे ठिपके, आणि त्यांची दाटी जिथं वाढली तिथं तट झाला. बुरूज सगळ्यात शेवटी. मी चिमटा हातात घेऊन नुसती उभी. दोन मिनिटं झाल्याचा गजर वाजला तेव्हा भानावर आले.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. भाऊकाकांना तिळगूळ द्यायला गेले आणि चौथी प्रिंटही नेली. त्यांनी ती पाहून एवढंच विचारलं, "हायपोत किती ठेवलीस?" हायपो म्हणजे प्रिंट पक्की करणारं द्रावण.

बोलता बोलता राजा दीनदयाळांचा विषय निघाला. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करता करता त्यांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हातात घेतला, आणि १८८० च्या दशकात मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो काढले तेव्हा ग्वाल्हेरचा हा किल्लाही. त्यांच्या फोटोंत दगडाचा सांधा न् सांधा मोजता येतो, दाणा मात्र नावाला नाही. भाऊकाका म्हणाले, "असणार कसा? केवढी काच तेवढा कागद." काचेची मोठी प्लेट कागदाला चिकटवून उन्हात छापायची, मोठं करणं नाहीच. माझा बारा मिमीचा तुकडा आणि त्यांची ती प्लेट यांत किल्ला एकच आहे, मधे एकवीसपट आहे.

१९ जानेवारी

धुक्याचे आणखी तीन दिवस मिळाले. एक उरवाई घाटीतून, एक पुन्हा किलागेट, एक फूलबागेकडून. उरवाईत जमलं नाही. तिथं कडा अंगावर येतो, लांबचा करडा मिळत नाही.

किलागेटच्या एका सकाळी एकसारखे दोन रोल काढले. एक रोडिनालमध्ये, दुसरा डी-७६ एकास तीनमध्ये २० मिनिटं (परातीत). त्याच तुकड्याच्या, त्याच उंचीवरून, दोन प्रिंट्स. रोडिनालचा दाणा वाळूसारखा, एकेक वेगळा, कडक. डी-७६ चा रव्यासारखा, किंचित गोल, एकमेकांना धरून. दगडावर मला वाळू आवडली, धुक्यावर रवा. पण एकाच फोटोत दगड आणि धुकं दोन्ही आहेत. बऱ्याच वेळा खालीवर करून शेवटी रोडिनाल धरला, कारण तटाची कड त्यात अजून थोडी टिकते. आई दोन्ही बघून म्हणाली, डावीकडची. डावीकडची डी-७६ होती. तिच्यासाठी ती एक वेगळी ठेवली.

२५ जानेवारी

मुंबईच्या मावसभावाला पाठवायला निगेटिव्ह फ्लॅटबेडवर स्कॅन केल्या. स्कॅनमध्ये दाणा भलताच दिसतो, प्रिंटपेक्षा दुप्पट आणि ओबडधोबड. स्कॅनरचे ठिपके आणि फिल्मचे पुंजके जवळपास एका मापाचे झाले की तिसराच खोटा दाणा तयार होतो, आणि वर शार्पनिंग चालू राहिलं की तो आणखी टोचतो. शार्पनिंग बंद केलं तेव्हा जरा माणसात आलं. यापुढे डेव्हलपरची पारख स्कॅनवरून करायची नाही.

३ फेब्रुवारी

धुकं संपलं. काही रोल उरलेत. आठ प्रिंट्स झाल्या: सहा किलागेटच्या, दोन फूलबागेकडच्या. सगळ्या २८ च्या लेन्सनं, सगळ्या रोडिनालमध्ये, वाढ सोळापटीपासून बावीसपटीपर्यंत. सातवीत दाणा इतका वर आलाय की घुमट ओळखू येत नाहीत. ती काढून टाकावी का यावर दोन दिवस घालवले आणि ठेवली. हातात धरली तर नुसती वाळू, भिंतीवर लावून दाराशी उभं राहिलं की मानमंदिर.

९ फेब्रुवारी

आठही प्रिंट्स भाऊकाकांच्या बैठकीत भिंतीला टेकवून मांडल्या. त्यांनी चष्मा बदलला. एकेकीपाशी वाकून, मग मागे सरकून, पुन्हा वाकून. सातवीपाशी सगळ्यात जास्त वेळ. मला वाटलं, आता बोलणार.

"डाव्या कोपऱ्यात धूळ आहे," म्हणाले.

होती. धुक्यात एक पांढरा धागा, तांदळाच्या तुसाएवढा. निगेटिव्हवर राहिलेला कण. मी म्हटलं, पुन्हा काढते. ते म्हणाले, "नव्वद सेकंदांची प्रिंट पुन्हा काढू नकोस," आणि कपाटातून स्पॉटिंगचा, म्हणजे प्रिंटवरचे पांढरे डाग रंगानं बुजवायचा, डबा आणला. रंगाची वडी वाळून तडकलेली, तीन शून्याचा ब्रश, त्याचे केस अजून टोकदार.

जिभेनं टोक ओलं केलं, बशीत रंग घेतला, कागदाच्या कडेवर टिपून जवळजवळ कोरडा केला. धाग्यावर रेघ ओढली नाही. एक ठिपका. थोडं सोडून दुसरा. मग त्या दोघांच्या मधे, पण बरोबर मधे नाही. मी भिंग धरून उभी होते. त्यांचा हात कापतो, पण ब्रश कागदाला लागायच्या क्षणी कापत नव्हता. वीसेक मिनिटांनी मला धागा कुठे होता ते सापडेना.

"पाचवीत पण एक आहे," ते म्हणाले. "उजेड आहे तोवर आण इकडे."